जंगलाची पोरंबाळं



शिमगा जवळ आला, की पाटणच्या एस.टी. स्टँडवर संध्याकाळी गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास दिसते. आसपासच्या एखाद्या डोंगराच्या अंगावर तांबडी रेघ ओढलेली असते. कधी ती दातेगडाच्या बाजूला असते, कधी मोरणेच्या खोऱ्याकडे, कधी पार हेळवाकच्या अंगाला. कुणीतरी म्हणतं, "डोंगर पेटलाय." दुसरा म्हणतो, "पेटणारच, दिवसच हाईत." गाडी लागली, की दोघंही गाडीत बसतात. परगावचा पाहुणा असेल तर तो मोबाइलवर फोटो काढतो. अंधारात ती रेघ दिव्यांच्या माळेसारखी दिसते, हे मात्र खरं.

दोन-चार दिवसांनी तो डोंगर काळाठिक्कर पडलेला असतो. मग मृगाचा पाऊस येतो आणि पंधरा दिवसांत तोच डोंगर हिरवागार होतो. त्यामुळं माणूस म्हणतो, "झालं की सगळं पहिल्यासारखं! मग नुकसान कुठं झालं?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. विचारणारे अडाणी नसतात, वाईट तर मुळीच नसतात. म्हणून आज त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

मी वनशास्त्राचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण सगळं आयुष्य याच तालुक्यात गेलं. माझे वडील आतारकी करायचे. हळदकुंकू, काजळ, करदोटे, सुया-दोरा, फण्या असा माल घेऊन ते वाड्यावस्त्यांवर फिरायचे. शाळेला सुट्टी असली, की मीही त्यांच्याबरोबर जाई. बायाबापड्यांकडं रोख पैसे नसायचे. मग कुणी शेरभर नाचणी द्यायचं, कुणी वाळलेले हिरडे. त्या वाटांवर अब्बांनी मला झाडं दाखवली. हा ऐन, हा कुंभा, ही अंजनी, हा हिरडा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सालीवर हात फिरवून ते झाड ओळखायचे. पुढं वनखात्यातली माणसं भेटली, वनस्पतींचा अभ्यास करणारी मंडळी भेटली, थोडंफार वाचनही झालं. त्यातून जे समजलं, ते सांगतो.

आपण ज्या डोंगरांच्या कुशीत राहतो, त्यांची थोरवी आपल्यापेक्षा बाहेरच्यांना अधिक कळली आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवतालचं सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचं जंगल १९८५ साली अभयारण्य झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कोयना आहे, चांदोली आहे आणि आपलं कासचं पठारही आहे. एका छोट्या भेकानंही कोयनेचं नाव शास्त्राच्या पुस्तकात नेलं. कोयनाकाठच्या हुंबरळी गावाजवळ सापडलेल्या त्या भेकाची १९६३ साली नोंद झाली, ती कोयनेच्याच नावानं. जगात तो सह्याद्रीच्या या भागापुरताच आहे.

आता वणवा काय करतो, ते पाहू.

टीव्हीवर अमेरिकेतला किंवा ऑस्ट्रेलियातला वणवा दाखवतात, तेव्हा झाडांच्या शेंड्याला लागलेल्या ज्वाळा आकाशाला भिडलेल्या दिसतात. आपल्याकडचा वणवा सहसा तसा नसतो. तो जमिनीवरून चालतो. वाळलेलं गवत, पालापाचोळा, वाळून गेलेली कारवी हे त्याचं खाणं. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या ज्वाळा करत तो पुढं सरकतो आणि मोठी झाडं उभीच राहतात. म्हणूनच आपण फसतो. झाड उभं दिसलं, की आपल्याला वाटतं जंगल वाचलं.

झाडाचा जीव सालीखालच्या एका पातळ थरात असतो. तिथली उष्णता साधारण ६० अंशांवर गेली, की तो थर मरतो. ऐनाची साल जाड आणि भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी असते. कुंभ्याचीही साल जाड. पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात कुंभ्याच्या सालीच्या धाग्यांची करत. ती वात धुमसत राहायची, पण भडकायची नाही. पळस, आवळा, साग हीसुद्धा आग सोसणारी झाडं. पण अंजनी, पिसा, रानजायफळ अशी सदाहरित रानातली झाडं सावलीत आणि ओलीत वाढलेली. त्यांच्या सालीला आगीची सवयच नाही. जमिनीवरची लहानशी आगही त्यांच्या बुंध्याला जखम करून जाते. त्या जखमेतून कीड शिरते, बुरशी शिरते. झाड त्या वर्षी पडत नाही, चार-पाच वर्षांनी वाऱ्यानं पडतं. तेव्हा त्याचा संबंध वणव्याशी कुणी लावत नाही.

यापेक्षा मोठं नुकसान पायाशी होतं. जांभळाचं उदाहरण घ्या. जांभूळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतं. त्याची बी साठवून ठेवता येत नाही, वाळली की मेली. ती लगेच पावसात रुजायला लागते. दिवाळीपर्यंत त्याचं वीतभर रोप झालेलं असतं. थंडीत ते मुळं खाली पाठवतं. आणि फाल्गुनात वणवा येतो. वीतभर रोपाला साल ती किती असणार? ते जागेवर करपतं. काही रोपं मुळातून पुन्हा फुटतात, पण पुढच्या फाल्गुनात पुन्हा जळतात. अशी दोन-चार वर्षं गेली, की मुळातली शिल्लक संपते आणि तेही मरतं. आगीच्या आवाक्याबाहेर डोकं जायला रोपाला सलग काही वर्षं शांततेची लागतात. आपण त्याला एकही वर्ष देत नाही.

एखाद्या गावात फक्त म्हातारी माणसं आहेत, अंगणात पोर खेळत नाही, शाळा बंद पडली आहे, असं गाव कल्पनेनं डोळ्यांपुढं आणा. घरं शाबूत आहेत, दारं-खिडक्या शाबूत आहेत. पण त्या गावाला पुढची पिढी नाही. दरवर्षी जळणारं जंगल हे असं गाव असतं. जंगलात गेल्यावर मी आता वर बघत नाही, खाली बघतो. मोठ्या हिरड्याखाली हिरड्याची पोरं आहेत का? जांभळाखाली जांभळाची आहेत का? दहा वर्षांची, पाच वर्षांची, यंदाची, अशी सगळ्या वयाची झाडं आहेत का? दरसाल जळणाऱ्या उतारावर ती नसतात. तिथं थोर झाडं असतात आणि गवत असतं. मधलं काहीच नसतं.

ही गोष्ट पटत नसेल तर घाटातल्या कुठल्याही जुन्या देवराईत जाऊन या. देवराई आणि तिच्या बाहेरचा उघडा डोंगर एकाच मातीचे, एकाच पावसाचे. पण देवराईत पाय ठेवला, की अंगावर गारवा येतो. पाचोळा घोट्याएवढा, खालची माती चैत्रातही दमट, आणि झाडांच्या बुंध्याशी रोपांची ही गर्दी. देवाच्या धाकानं तिथं कुणी कुऱ्हाड नेली नाही आणि काडीही लावली नाही. बाहेरची आग आलीच, तर त्या ओलीत आणि सावलीत ती कडेलाच मरते. आपला डोंगर काय होऊ शकला असता, याचा नमुना आपल्या आज्या-पणज्यांनी असा राखून ठेवला आहे.

गवताकडे वळतो, कारण वणवा लावण्याचं सर्वांत मोठं कारण गवतच आहे. मोरणा खोऱ्यातल्या एका वाडीवर एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "अवो भाई, आमच्या आज्यापास्नं डोंगर पेटतोय. जाळल्याबिगर गवात जोरात फुटत न्हाई. तुमी कागदावरचं बोलताय, आमी जनावरं राखतोय." त्यांचं बोलणं मी उडवून लावलं नाही. कारण त्यात अर्धं खरं आहे. जळालेल्या जागी कोंब लवकर दिसतात. जुन्या गवताचा थर गेल्यानं ऊन जमिनीला लागतं, राखेतलं थोडं खत मिळतं, आणि गवताची मुळं खाली जिवंत असतात. पण ते कोंब फुटतात कशावर? मुळांनी साठवलेल्या शिलकीवर. दरवर्षी ती शिल्लक मोडली, तर जनावराला आवडणारं पवन्यासारखं गवत हळूहळू मागं पडतं आणि त्याची जागा कुसळी गवत घेतं.

कुसळी मोठी हुशार. तिच्या बीला टोकदार अणी असते आणि मागं लांब पीळदार शेपूट. दमट हवा लागली, की पीळ सुटतो, कोरडी हवा लागली, की पुन्हा बसतो. असं गरगर फिरत ती बी स्वतःला गिरमिटासारखी मातीत खुपसून घेते. वरून आग जाते, तेव्हा ती खाली सुखरूप असते. जळत्या डोंगरावर शेवटी तिचंच राज्य येतं. आणि ही कुसळं मेंढराच्या लोकरीत, जनावराच्या तोंडात कशी रुततात, हे जनावरं राखणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही. म्हणजे चांगल्या गवतासाठी लावलेली आग काही वर्षांनी चांगलंच गवत घालवते. मी हे त्या म्हाताऱ्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या लहानपणी कुसळ एवढं नव्हतं, ही गोष्ट खरी."

कुसळीच्या जोडीला घाणेरी आणि रानमोडी येतात. दोन्ही परदेशातून आलेल्या. जंगल विरळ झालं, ऊन खाली पोचलं, की त्या जागा धरतात. उन्हाळ्यात त्यांच्या काटक्या वाळतात, त्यामुळं पुढचा वणवा आणखी तापतो. तो गेला, की त्या मुळातून पुन्हा फुटतात आणि आणखी पसरतात. वणवा तण वाढवतो आणि तण वणवा वाढवतं, असं हे चक्र.

मातीचं नुकसान तर डोळ्यांना दिसतच नाही. राखेत पालाश असतं, चुना असतो, पण नत्र धुरावाटे उडून जातं. आणि उरलेली राख तरी शेताला मिळते का? नवजा, कोयनानगर भागात एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचोळ्याची गोधडी पांघरलेल्या जमिनीवर तो पडला, तर मुरतो. जळून उघड्या पडलेल्या उतारावर पडला, तर राख आणि वरची सुपीक माती घेऊन ओढ्याला जातो. ओढा कोयनेला जातो. १०५ टीएमसीचं आपलं धरण, ज्याच्या पाण्यावर १,९०० मेगावॅटहून अधिक वीज उभी आहे, त्याच्या पोटात हा गाळ जातो. चैत्रात वाडीवरचा झरा आटला म्हणून बायका कोस-कोस हंडे वाहतात. त्या झऱ्याच्या माथ्यावरचा डोंगर दरसाल जळतो का, हे कुणीतरी विचारायला हवं.

२०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून आपल्या तालुक्यानं फार मोठं दुःख सोसलं. त्या दरडींचा दोष वणव्याला देणं योग्य होणार नाही. तेव्हाचा पाऊसच तसा अचाट होता. पण उताराला धरून ठेवणारी मुळं जितकी जास्त, तितकं बरं, एवढं तरी आपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आणि मुके जीव. सांबर, गवा, बिबट्या यांना पळता येतं. पण वणव्याचा काळ म्हणजे कितीतरी पाखरांचा अंडी घालण्याचा काळ. रानकोंबडीचं घरटं जमिनीवर, लाव्याचं जमिनीवर, चंडोलाचं जमिनीवर. अंडं पळून जाऊ शकत नाही. सरडे, गोगलगाई, साप, पाचोळ्यातले असंख्य किडे यांची तर मोजदादच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याकडची वाघीण चांदोलीत आणली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण वाघीण राहील ती सांबर-भेकरांच्या भरवशावर, आणि सांबर-भेकरं राहतील ती चाऱ्याच्या आणि पाण्याच्या भरवशावर. तिची वस्ती शेवटी या डोंगरउतारावर काय जळतं आणि काय वाचतं, यावर ठरणार आहे.

इथं एखादा जाणकार श्रोता म्हणेल, "वणवा तर निसर्गाचाच भाग आहे. काही झाडांना तो लागतोही." बरोबर आहे. अमेरिकेच्या डोंगरांत एका जातीच्या पाइनची फळं राळेनं घट्ट बंद असतात. आगीची धग लागली, की राळ वितळते, फळ उघडतं आणि बी पडते. तिथं वीज पडून आग लागते आणि हजारो वर्षं लागत आली आहे. १९१० मध्ये आयडाहो-मोंटाना भागात प्रचंड वणवा झाला, तेव्हा ते सरकार इतकं घाबरलं, की १९३५ मध्ये नियमच केला : कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायची. परिणाम उलटा झाला. छोट्या आगी थांबल्या, वाळलेलं लाकूड साठत गेलं आणि पुढच्या आगी आणखी मोठ्या होऊ लागल्या. आता ते लोक ठरवून, हवा बघून, लहान आगी स्वतःच लावतात.

आपल्या देशातही हा वाद जुना आहे. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात इंग्रज वनाधिकाऱ्यांनी आग बंद करण्याचा पहिला मोठा प्रयोग केला. पुढं त्याच शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशातले अधिकारी तक्रार करू लागले, की आग पूर्ण थांबवल्यानं सागाची नवी रोपं येईनाशी झाली. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी सांगतात, की पूर्वी आम्ही मोसमाच्या सुरुवातीला हलकी आग फिरवत होतो, ती बंद झाली आणि घाणेरी माजली. त्यांचं म्हणणं अभ्यासकांनीही गांभीर्यानं घेतलं आहे.

मग आपण काय समजायचं? आग औषध की विष? माझ्या अल्पबुद्धीला असं दिसतं, की हे जंगल कोणतं, आग कोणत्या महिन्यातली आणि किती वर्षांनी येणारी, यावर ते अवलंबून आहे. कोरड्या सागवानाच्या रानाला जे पचतं, ते कोयनेच्या सदाहरित रानाला पचत नाही. आपल्या डोंगरावर उन्हाळ्यात वीज चमकते ती वळवाच्या पावसाबरोबर. त्यामुळं विजेनं लागलेली आग पावसानंच विझते. फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या दिवसांत, ढग नसताना, डोंगराला आपोआप आग लागत नाही. आपला वणवा निसर्गाचा नाही, आपला आहे. आणि तो दहा-वीस वर्षांनी येत नाही, दरवर्षी येतो.

तो लावतं कोण? कुणी गवतासाठी लावतो. कुणी तरवा भाजताना, बांध किंवा उसाचं पाचट जाळताना लावलेली आग हाताबाहेर जाते. कुणी मधाचं पोळं काढताना पेटता चुडा टाकून येतो, कुणी शिकारीसाठी रान पेटवतो. पठारांवर रस्ते झाले, गाड्या वर जाऊ लागल्या, तसे चूल मांडून जेवण करणारे आणि विडी-सिगारेटचं थोटूक फेकणारेही वाढले. बऱ्याच वेळा आग सुरू होते मालकीच्या पडीक रानात आणि वाऱ्याबरोबर राखीव जंगलात शिरते. गावात सगळ्यांना नाव माहीत असतं, पंचनाम्यात मात्र 'अज्ञात इसम' असतो.

कायदा कडक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या २६ व्या कलमानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३० वं कलम अभयारण्यात आग लावायला बंदी करतं. ज्यांना जंगलात हक्क-सवलती आहेत, त्यांनी आगीची खबर द्यावी आणि विझवायला मदत करावी, असंही वन अधिनियमात म्हटलं आहे. पण रात्रीच्या काळोखात पडलेली एक काडी कुठलं कलम पकडणार?

उपग्रह आता मदतीला आले आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगी टिपते आणि वनखात्याला मोबाइलवर खबर देते. ही सोय उत्तम आहे. पण खबर मिळाल्यावर डोंगर चढायचा असतो माणसालाच. आग चढावर फार वेगानं पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवतात. वर पाण्याचा बंब जात नाही. हातात ओल्या डहाळ्या घेऊन झोडपायचं, पाला उडवणारं यंत्र असेल तर त्यानं पाला बाजूला सारायचा, नाहीच आवरली तर समोरून उलटी आग लावून तिचं खाणं संपवायचं. हे काम करणारे बहुतेक रोजंदारीवरचे वनमजूर असतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना अशा तीन मजुरांचा जीव गेला. डोंगरावरची तांबडी रेघ बघताना, तिच्या पलीकडं कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप धुरात उभा आहे, एवढं आपल्याला आठवलं पाहिजे.

एकदा एका वनरक्षक ताईंनी मला विचारलं, "सर, तुम्ही कवी आहात. वणव्याच्या फलकासाठी चार ओळी लिहून द्या ना." मी दिल्या. त्या हसून म्हणाल्या, "ओळी छान आहेत, पण काडी लावणारा माणूस फलक वाचत नाही. तुम्ही एकदा दिवाळीत ग्रामसभेला या." मी विचारलं, "दिवाळीत? वणवा तर शिमग्याला लागतो." त्या म्हणाल्या, "सर, शिमग्याला आम्ही पळत असतो. वणव्याचं काम दिवाळीपासूनचं."

त्यांचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. खरं व्यवस्थापन त्याच्या आधी व्हायला हवं. दिवाळीनंतर गवत तयार होतं, तेव्हाच ते कापून गंजी घातली, तर जनावरांना चारा मिळतो आणि आगीला खाणं उरत नाही. थंडीत, सकाळचं दव असताना, जंगलाच्या हद्दीवर आणि रस्त्यांच्या कडेनं गवत कापून पट्टे जाळून घ्यायचे असतात. त्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर येते आणि पुढं काही नाही म्हणून थांबते. पण जाळरेषा वेळेवर काढायची तर पैसा वेळेवर हवा, मजूर वेळेवर हवेत. मार्चमध्ये मिळालेला निधी वणव्याला काय अडवणार?

गावाचा वाटाही खरा हवा. राज्यात १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आहे, गावोगावी समित्या आहेत. नियमात बसेल तिथं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क गावाला मिळावा आणि ज्या गावाच्या हद्दीत वर्षभर वणवा लागला नाही, त्याचं जाहीर कौतुक व्हावं. धरणानं ज्यांची गावं गेली, अभयारण्यानं ज्यांची चराई अडली, त्यांना 'जंगल तुमचं आहे' असं नुसतं भाषणात सांगून भागत नाही. जंगलातून काही हाताला लागलं, तर माणूस ते राखतो. हिरडा वेचणारी बाई हिरड्याखाली आग लावत नाही.

आणि जळून गेलेल्या जागेचं काय? आपल्याला वाटतं, खड्डे काढून झाडं लावावीत. राज्यात २०१६ ते २०१९ या वर्षांत वृक्षलागवडीच्या केवढ्या मोठ्या मोहिमा झाल्या! जुलैत रोप लावतानाचा फोटो निघतो. मार्चमध्ये त्या रोपाजवळ कोण उभं असतं? खरं तर घाटातल्या जळक्या उताराला पुष्कळदा लावणीपेक्षा विश्रांतीची गरज असते. काही वर्षं आग येऊ दिली नाही, चराई आवरली, रानमोडी उपटत राहिलं, तर दबलेली मुळं स्वतःच डोकं वर काढतात. पाखरं बिया आणून टाकतात. नवं जंगल आणायला आधी जुनं जाळायचं थांबवावं लागतं, आणि त्याला पैसा फारच थोडा लागतो.

आपल्या भाषेत एक म्हण आहे : सुक्याबरोबर ओलंही जळतं. आपण ती माणसांच्या भांडणाबद्दल वापरतो. अफवा 'वणव्यासारखी' पसरली, असंही वर्तमानपत्रात वाचतो, आणि माझ्यासारख्याला त्या शब्दाची धग जरा जास्तच लागते. पण म्हण आधी रानातच जन्मली असणार. तिथं ओलं म्हणजे ते वीतभर रोप. ते भांडणात नसतं, त्याचा गवताशी वाद नसतो, ते फक्त तिथं उगवलेलं असतं.

म्हणून श्रोतेहो, दोन-तीन साध्या विनंत्या. बांध, पाचट, तरवा जाळायचाच असेल, तर वारा पडलेला बघून, कडेनं माती ओढून, चार माणसं आणि पाणी जवळ ठेवून जाळा. आग विझल्याशिवाय घरी जाऊ नका. डोंगरावर फिरायला जाणाऱ्यांनी चूल मांडू नये. धूर दिसला तर 'दिवसच हाईत' म्हणू नका. गावच्या वनरक्षकाला फोन करा, नंबर नसेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लक्षात ठेवा. आणि यंदा दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा, "आपल्या डोंगराची जाळरेषा कधी निघणार?" या एका प्रश्नानं सरपंचांनाही जाग येईल आणि ज्याच्या खिशात काडेपेटी आहे, त्यालाही समजेल, की गाव बघतंय.

कुठल्याही उताराला सलग पाच-सात पावसाळे आगीविना मिळू द्या. मग हिरड्याखाली बघा. तिथं पोरंबाळं असतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)